मांडणीवरचा बोल्ट आणि पडद्यावरचा बोल्ट

एका मोठ्या यंत्रनिर्मिती कारखान्यात ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र चालवणारी संगणक प्रणाली, बसवण्याच्या कामावर मी रुजू झालो, तेव्हा पहिला पूर्ण दिवस एका बेअरिंगच्या मागे गेला. जुन्या संगणकातील यादीत हे एकच बेअरिंग पाच क्रमांकांनी नोंदलेले होते. एका नोंदीत उत्पादकाचा क्रमांक होता, दुसरीत आराखड्यावरचा भाग क्रमांक, तिसरीत फक्त ‘बेअरिंग मोठे’ एवढेच शब्द, चौथीत चुकीच्या स्पेलिंगचे नाव आणि पाचवीत देखभाल विभागाने स्वतःच्या सोयीसाठी दिलेला संकेत. प्रत्येक नोंदीसमोर वेगळा साठा आणि वेगळी किंमत होती. देखभाल विभागाच्या नोंदीत साठा शून्य दिसत असल्यामुळे त्या आठवड्यात हे बेअरिंग तातडीने आणि चढ्या दराने मागवले जात होते, आणि त्याच वेळी उत्पादनाच्या भांडारात, दोन मांडण्या सोडून पलीकडे, तीच बेअरिंग्ज मूळ वेष्टनात पडून होती.

त्यानंतर अनेक कारखान्यांत हे काम केले. प्रत्येक ठिकाणी उत्पादन वेगळे, माणसे वेगळी, सॉफ्टवेअरही कधी कधी वेगळे होते. पण प्रकल्प तरेल की बुडेल हे ठरवणारी गोष्ट मला सगळीकडे एकच दिसली. मांडणीवर प्रत्यक्ष असलेला बोल्ट आणि पडद्यावर दिसणारा बोल्ट एक आहेत का? एक असतील तर सामान्य सॉफ्टवेअरवरही मोठी कंपनी नीट चालते. एक नसतील तर सर्वांत महागडी प्रणालीही चुका अधिक वेगाने आणि अधिक दूरवर पोहोचवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. तरीही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात परवाने, सर्व्हर आणि सल्लागार यांची पाने भरलेली असतात आणि ‘डेटा शुद्धीकरण’ ही शेवटच्या पानावरची एक ओळ असते, जिची जबाबदारी बहुधा कोणत्याही एका माणसाच्या नावावर नसते.

या प्रणालींचा जन्म कुठे झाला हे पाहिले की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. आज ईआरपी म्हटले की हिशेब, मनुष्यबळ, विक्री असे सारे काही डोळ्यांसमोर येते, पण या वृक्षाचे मूळ साहित्याच्या नियोजनात आहे. १९६० च्या दशकात उत्पादन-नियोजनातील तज्ज्ञ जोसेफ ऑर्लिकी यांनी एक साधा वाटणारा पण दूरगामी भेद मांडला. तयार मालाची मागणी बाजारातून येते, म्हणून तिचा अंदाज बांधावा लागतो; त्या मालात लागणाऱ्या सुट्या भागांची मागणी मात्र तयार मालाच्या योजनेतून गणिताने निघते, म्हणून तिचा अंदाज बांधत बसण्याचे कारण नाही. शंभर पंप करायचे असतील आणि प्रत्येक पंपाला आठ बोल्ट लागत असतील तर आठशे बोल्ट लागणार, यात अंदाज कसला? यातून मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे एमआरपी, ही पद्धत रुजली. पुढे ऑलिव्हर वाइट या सल्लागाराने तिला यंत्रांची क्षमता आणि पैसा यांची जोड देऊन एमआरपी टू ही कल्पना पसरवली, आणि १९९० मध्ये गार्टनर या संशोधन संस्थेने ईआरपी हा शब्द वापरात आणला. एसएपी ही ईआरपी सॉफ्टवेअर बनवणारी जर्मन कंपनीदेखील १९७२ मध्ये आयबीएम सोडून आलेल्या पाच जणांनी सुरू केली आणि त्यांचा पहिला ग्राहक आयसीआय या ब्रिटिश रसायन कंपनीची जर्मनीतील ओस्ट्रिंगेन येथील नायलॉनची शाखा होती. त्या काळी दिवसभराच्या नोंदी पंचकार्डांवर, म्हणजे छिद्रे पाडलेल्या कागदी कार्डांवर, साठवून रात्री एकत्र चालवल्या जात. नोंद होताच हिशेब अद्ययावत व्हावा हा त्या पाच जणांचा आग्रह होता. हा आग्रह आजच्या प्रणालींचे सर्वांत मोठे बळ आहे. त्यांच्या सर्वांत मोठ्या जोखमीचे कारणही तोच आहे, आणि तो भाग पुढे येईल.

आधी एमआरपीचे गणित थोडे जवळून पाहू, कारण ते न समजता प्रकल्प मंजूर करणारे वरिष्ठ अधिकारी मी बरेच पाहिले आहेत. गणिताला तीन गोष्टी लागतात: काय आणि केव्हा बनवायचे आहे, ते कशापासून बनते, आणि त्यातले किती हातात आहे किंवा वाटेवर आहे. एकूण गरजेतून हातातला आणि वाटेवरचा माल वजा केला की निव्वळ गरज उरते, आणि लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ, इतके दिवस मागे गेले की ऑर्डर केव्हा द्यायची ते कळते. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांपलीकडे यात काही नाही. पण हे गणित प्रत्येक पातळीवर खाली उतरत जाते: यंत्रातून जुळणीत, जुळणीतून उपजुळणीत, तिथून सुट्या भागात आणि भागातून कच्च्या मालात. वरच्या पातळीवरची एक चूक खालच्या प्रत्येक पातळीवर उतरते, आणि कधी कधी एका चुकीच्या अंकामुळे शेकडो चुकीच्या सूचना एका रात्रीत तयार होतात.

आता अचूकतेचा प्रश्न. साठ्याच्या नोंदी पंचाण्णव टक्के अचूक आहेत, असे एखादा भांडारप्रमुख सांगतो तेव्हा बैठकीत सर्वांना समाधान वाटते. पण एका जुळणीला वीस भाग लागत असतील आणि प्रत्येक भागाची नोंद बरोबर असण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर विसांच्या वीस नोंदी एकाच वेळी बरोबर असण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे जेमतेम ३६ टक्के भरते. म्हणजे दर तीन जुळण्यांपैकी जवळजवळ दोन जुळण्या कुठल्या ना कुठल्या भागासाठी अडण्याची शक्यता. अचूकता ९८ टक्क्यांवर नेली तर हीच शक्यता सुमारे ६७ टक्के होते आणि ९९ टक्क्यांवर ८२ टक्के. प्रत्यक्षात सर्व चुका तुटवड्याच्याच बाजूने नसतात, आणि थोडा जादा साठा बऱ्याच चुका झाकून टाकतो, त्यामुळे वस्तुस्थिती इतकी वाईट दिसत नाही. तरी हा गुणाकार मी प्रत्येक नव्या प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहितो, कारण साठा मोजणीचे काम कनिष्ठ कर्मचाऱ्यांचे आहे ही समजूत त्यामुळे लगेच गळून पडते. वाइट यांच्या परंपरेतील सल्लागार साठ्याच्या नोंदींसाठी किमान ९५ टक्के आणि बिल ऑफ मटेरियलसाठी, म्हणजे यंत्राला कोणते भाग किती लागतात या यादीसाठी, किमान ९८ टक्के अचूकतेचा आग्रह धरत आले आहेत, आणि बिल ऑफ मटेरियलचा मापदंड अधिक कडक का आहे हे लक्षात घेण्यासारखे आहे. साठ्याची चूक पुढच्या मोजणीत सापडते आणि एका भागापुरती राहते. बिल ऑफ मटेरियलमधली चूक मात्र ते यंत्र जितक्या वेळा बनेल तितक्या वेळा पुन्हा पुन्हा घडते.

बिल ऑफ मटेरियल, ज्याला कारखान्यात सगळे बीओएम म्हणतात, हा माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत कठीण आणि सर्वांत दुर्लक्षित दस्तऐवज आहे. कागदावर तो यंत्राची पाककृती असतो, पण कोणाची? आराखडा विभागाचा बीओएम यंत्र कसे कार्य करते याप्रमाणे रचलेला असतो: वंगण प्रणाली, शीतक प्रणाली, विद्युत प्रणाली. उत्पादन विभाग मात्र यंत्र जसे जुळते त्या क्रमाने विचार करतो: पहिल्या थांब्यावर पाया आणि चौकट, दुसऱ्यावर शाफ्ट, तिसऱ्यावर नळ्या आणि तारा. एकाच वंगण प्रणालीतील चार नळ्या चार वेगळ्या थांब्यांवर बसतात. ज्या कंपनीत या दोन रचनांचा मेळ कोणी घातलेला नसतो, तिथे खरा बीओएम अनुभवी फोरमनच्या डोक्यात आणि त्याच्या खिशातील वहीत असतो. एका ठिकाणी आराखड्यात सहा वॉशर दाखवले होते आणि कामगार कित्येक वर्षे आठ वापरत होते, कारण दोन ठिकाणी फट राहत असे. दोन वॉशरची किंमत नगण्य, पण नव्या प्रणालीने सहाच्याच हिशेबाने साठा वजा करायला सुरुवात केली आणि तीन महिन्यांनी वॉशर पडद्यावर भरपूर आणि डब्यात शून्य अशी स्थिती आली. त्या दिवशी संपूर्ण जुळणी थांबली ती वॉशरसाठी. चूक कामगारांची नव्हती. त्यांना माहीत असलेली गोष्ट आम्ही कधी विचारलीच नव्हती.

एककांचा विषय बाहेरून क्षुल्लक वाटतो. पोलादी पत्रा किलोने खरेदी होतो, भांडारात नगाने मोजला जातो आणि आराखड्यात चौरस मीटरमध्ये लिहिलेला असतो. ही तिन्ही एकके प्रत्येक विभागाच्या दृष्टीने योग्यच आहेत, म्हणून प्रणालीत एक मूळ एकक ठरवून बाकीच्यांचे त्याच्याशी गुणोत्तर नोंदवावे लागते. हे गुणोत्तर चुकले किंवा खरेदी ऑर्डर करताना एकक चुकीचे निवडले गेले तर काय होते, याचे मी पाहिलेले उदाहरण तारेचे आहे. तारेचे मूळ एकक मीटर होते आणि एका ड्रमवर पाचशे मीटर तार असे. खरेदी करणाऱ्याने प्रमाण ‘१’ लिहिले, दर ड्रमचा लिहिला, पण एकक मीटरच राहिले. माल आला, दाराशी एक ड्रम उतरला, पावतीवरही एक लिहिले गेले, आणि कोणालाच काही वावगे वाटले नाही. पडद्यावर मात्र कारखान्यात एकच मीटर तार होती आणि तिची किंमत अख्ख्या ड्रमइतकी होती. रात्रीच्या एमआरपीने तारेचा भयंकर तुटवडा दाखवून मोठी खरेदी सुचवली. दुसऱ्या दिवशी एका नियंत्रण पॅनेलसाठी तीस मीटर तार दिली गेली, साठा उणे झाला आणि त्या पॅनेलच्या खर्चात तीस ड्रमची किंमत जाऊन बसली. महिनाअखेरीस वित्त विभागाने विचारले की पॅनेलचा उत्पादन खर्च एकदम इतका कसा वाढला, आणि त्याचे उत्तर शोधायला तीन विभागांतील माणसांचे चार दिवस गेले.

या उदाहरणात एकात्मिक प्रणालीचा खरा अर्थ दडलेला आहे. जुन्या पद्धतीत भांडाराची वही, खरेदीची फाइल आणि लेखा विभागाचे खाते ही तीन वेगळी जगे होती. भांडाराच्या वहीतली चूक भांडारातच राहत असे आणि महिन्याच्या शेवटी कोणीतरी जुळवाजुळव करताना ती सापडत असे. ती जुळवाजुळव कंटाळवाणी असली तरी एक गाळणी होती. एकात्मिक प्रणालीत दाराशी मालाची पावती नोंदवली की त्याच क्षणी साठा वाढतो, साठ्याच्या खात्यात रक्कम जमते, समोर एका मधल्या खात्यात पुरवठादाराचे बिल यायचे आहे अशी नोंद पडते, खरेदी ऑर्डरवरची बाकी कमी होते आणि नियोजकाच्या पडद्यावर माल उपलब्ध दिसू लागतो. पुरवठादाराचे बिल आले की ऑर्डर, पावती आणि बिल या तिघांचा मेळ बसतो आणि मधले खाते शून्य होते. हे सगळे किती सुंदर आहे हे मी मनापासून सांगतो. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. पण याचा दुसरा अर्थ असा की दारावर उभा असलेला, बहुधा सर्वांत कमी पगाराचा कर्मचारी आता कंपनीच्या ताळेबंदात थेट लिहितो आहे. त्याला प्रशिक्षण म्हणून कोणते बटण दाबायचे याची एक चित्रपुस्तिका आणि अर्धा दिवस मिळतो. आपण दाबलेल्या बटणाने पुढे काय काय हलते हे त्याला कोणी दाखवत नाही. मी ज्या प्रकल्पांत हे दाखवण्याचा आग्रह धरू शकलो, तिथे दारावरच्या नोंदींची गुणवत्ता पहिल्या महिन्यातच वेगळी दिसली.

जागेचा प्रश्नही याच जातीचा आहे. अमेरिकेतील हर्शी या चॉकलेट कंपनीने सुमारे ११ कोटी २० लाख डॉलरच्या प्रकल्पातून उभारलेली नवी प्रणाली १९९९ च्या जुलैमध्ये, म्हणजे त्यांच्या सर्वांत मोठ्या हंगामाच्या तोंडावर, सुरू केली. परिणामी हॅलोविनच्या काळातील दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या ऑर्डर कंपनी वेळेत पोहोचवू शकली नाही, हे उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गांत आजही शिकवले जाते. चार वर्षांचे काम अडीच वर्षांत उरकण्याची घाई आणि हंगामाची चुकीची निवड यांची चर्चा नेहमी होते. मला मात्र त्या काळच्या वार्तांकनातील एक लहान तपशील अधिक बोलका वाटतो. गर्दीच्या दिवसांत माल जास्तीच्या खोल्यांत आणि इतर तात्पुरत्या जागांवर ठेवण्याची तिथे जुनी रीत होती, आणि त्या जागा नव्या प्रणालीत साठवणुकीच्या जागा म्हणून नोंदलेल्याच नव्हत्या. चॉकलेट बनलेले होते, पण जिथे ते होते ती जागा पडद्यावर अस्तित्वात नव्हती. प्रत्येक मोठ्या कारखान्यात अशा जागा असतात: जिन्याखालचा कोपरा, तपासणी विभागामागची मांडणी, कंत्राटदाराकडे प्रक्रियेसाठी गेलेला माल. प्रकल्पाच्या सुरुवातीला सल्लागारांना बैठकीच्या खोलीत बसवण्याआधी एक आठवडा कारखान्यात हिंडवावे असे मी म्हणतो, ते या जागा सापडाव्यात म्हणून.

प्रणालीने कंपनीप्रमाणे वाकावे की कंपनीने प्रणालीप्रमाणे, हा वाद प्रत्येक प्रकल्पात होतोच. ‘आमची पद्धत वेगळी आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्यावर माझा एक ठरावीक प्रश्न असतो: या वेगळेपणासाठी ग्राहक तुम्हाला पैसे देतो का? ग्राहकाच्या मागणीनुसार प्रत्येक यंत्र वेगळे बांधून देणे हे वेगळेपण आहे, आणि त्यासाठी प्रणालीत जे करावे लागेल ते करावे. खरेदीच्या मागणीवर सात सह्या लागणे हे वेगळेपण नाही; कधीतरी घडलेल्या एखाद्या गैरव्यवहारानंतर चिकटलेली ती सवय आहे. जर्मन किरकोळ विक्री साखळी लिडलने सात वर्षांच्या कामानंतर २०१८ मध्ये आपला एसएपी प्रकल्प सोडून दिला, तोवर त्यावर सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याचे वृत्त होते. अडचणीचे एक मूळ म्हणून जे सांगितले गेले ते असे की कंपनी आपला साठा खरेदी किमतीने मोजत असे, तर प्रणालीची प्रमाण रचना विक्री किमतीवर आधारलेली होती, आणि कंपनीला आपली रीत सोडायची नव्हती. ही कारखानदारी नव्हे, पण धडा कारखान्यांनाही तंतोतंत लागू आहे. मूल्यांकनासारख्या पायाभूत गोष्टीत बदल करायला गेले की त्याचे धागे प्रत्येक अहवालात, प्रत्येक व्यवहारात जातात, आणि पुढे येणारी प्रत्येक सुधारित आवृत्ती त्या बदलाला पुन्हा तपासून घ्यायला लावते. म्हणून हा निर्णय प्रकल्पाच्या पहिल्या महिन्यात, कंपनीच्या प्रमुखाने, परिणाम समजून घ्यावा. तो तिसऱ्या वर्षी प्रोग्रामरच्या टेबलावर येऊन पडता कामा नये.

प्रत्येक विभागातून प्रकल्पासाठी एक ‘की यूजर’, म्हणजे त्या विभागाच्या वतीने नवी प्रणाली तपासणारा माणूस, मागितला जातो, आणि बहुतेक विभागप्रमुख ज्याच्यावाचून काम अडत नाही असा माणूस देतात. इथे मी हट्टाने उलट मागणी करतो: ज्याला सोडताना तुम्हाला त्रास होईल तोच माणूस द्या. प्रक्रियेचा प्रत्येक अपवाद ज्याला ठाऊक आहे तोच नवी प्रणाली नीट तपासू शकतो.

कटओव्हर, म्हणजे जुन्या प्रणालीतून नव्यात जाण्याचे ते दोन-चार दिवस, बाहेरच्या माणसाला केवळ तांत्रिक काम वाटते. खरे तर कंपनीचा संपूर्ण चालू व्यवहार एका क्षणी गोठवून, मोजून, दुसऱ्या भांड्यात ओतण्याचे ते काम आहे. साठा मोजायचा आणि त्याची नोंद चढवायची हे त्यातल्या त्यात सोपे. अर्धवट आलेल्या खरेदी ऑर्डरची फक्त उरलेली बाकी नव्या प्रणालीत चढवायची असते. पूर्ण ऑर्डर चढवली तर नियोजकाला न येणारा माल वाटेवर दिसत राहतो. माल आलेला पण बिल न आलेल्या ऑर्डरचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. आणि सर्वांत अवघड असते ते कारखान्याच्या मजल्यावर अर्धवट उभे असलेले काम. एखादे यंत्र सात टप्प्यांपैकी चार टप्पे पार करून उभे आहे. त्यात किती साहित्य गेले, किती तास लागले, कोणता भाग बसवून पुन्हा काढला? यावर मी पाहिलेला सर्वांत शहाणा उपाय साधा होता: कटओव्हरच्या आधी सहा आठवडे नवी कामे सुरू करण्याचा वेग कमी केला, हाती घेतलेली पुरी केली आणि मजल्यावर अर्धवट कामे जितकी कमी ठेवता येतील तितकी ठेवली. विक्री विभागाने विरोध केला, त्या तिमाहीचे आकडे थोडे खाली आले, पण नव्या प्रणालीत चढवायची अर्धवट कामे मोजकीच उरली आणि ती एकेक करून हाताने तपासता आली.

हे सगळे चढवताना लेखा विभाग एक तात्पुरते खाते उघडतो. साठ्याची, येणी-देण्यांची, मालमत्तेची प्रत्येक प्रारंभीची नोंद या खात्याच्या विरुद्ध पडते, आणि सगळे बरोबर चढले तर शेवटी त्या खात्यात शून्य उरले पाहिजे. रविवारी पहाटे त्या खात्यात शून्य दिसण्याची वाट पाहत बसलेली माणसे मी पाहिली आहेत आणि त्यांत बसलोही आहे. एकदा फरक अगदी लहान होता आणि प्रकल्प व्यवस्थापक तो ‘किरकोळ फरक’ म्हणून सोडून द्यायला निघाले होते. लेखा विभागातील एका ज्येष्ठ बाईंनी ठाम नकार दिला. त्या म्हणाल्या, “हा लहान फरक म्हणजे दोन मोठ्या चुकांची वजाबाकीही असू शकते.” शोधल्यावर तसेच निघाले: एका गोदामाचा साठा दोनदा चढला होता आणि जवळपास तितक्याच रकमेचे दुसरे काही चढायचे राहून गेले होते. त्या बाईंविषयी मला आजही आदर वाटतो.

चाचणीच्या बाबतीत एकच गोष्ट विस्ताराने सांगावीशी वाटते. बहुतेक चाचण्या ‘हा व्यवहार होतो का’ हे पाहतात; ‘खऱ्या दिवसाइतके व्यवहार खऱ्या वेळेत होतात का’ हे फार कमी पाहिले जाते. फॉक्समेयर ही अमेरिकेतील मोठी औषध वितरक कंपनी १९९६ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिची जुनी प्रणाली एका रात्रीत सुमारे ४,२०,००० ऑर्डर हाताळत असे आणि नवी केवळ १०,००० च्या आसपास, असे त्या प्रकरणाच्या अभ्यासांत नोंदलेले आहे. कंपनी बुडण्याची कारणे इतरही होती, पण हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून मी प्रत्येक ठिकाणी महिनाअखेरीच्या दिवसाची तालीम मागतो: सर्व विभाग, सर्व अहवाल आणि रात्रीचे एमआरपी एकाच वेळी, खऱ्या डेटावर. खोट्या डेटावर चाचणी केली की प्रणाली नेहमीच उत्तीर्ण होते, कारण खोट्या डेटात एकाच बेअरिंगला पाच नावे नसतात.

सुरू झाल्यानंतरचे पहिले आठवडे कठीण जातात आणि ते जाणारच, असे आधी सांगून ठेवणे हे मला प्रकल्पप्रमुखाचे कर्तव्य वाटते. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीने २०१८ च्या फेब्रुवारीत नॉर्थ कॅरोलायनातील ऑक्सफर्डच्या कारखान्यात नवी प्रणाली सुरू केली, तेव्हा सुमारे ६ कोटी ४० लाख डॉलरचा माल वेळेत पाठवता आला नाही आणि कंपनीला आपल्या अंतर्गत नियंत्रणातील गंभीर उणीवही जाहीर करावी लागली. म्हणजे गोदामातून ट्रक न निघणे आणि लेखापरीक्षकाने बोट ठेवणे या दोन गोष्टी एकाच मुळातून येऊ शकतात. पहिल्या आठवड्यांत मी एकच आकडा रोज पाहतो: प्रत्यक्ष हालचाल झाल्यापासून तिची नोंद होईपर्यंत किती वेळ गेला. माल सकाळी दहाला दिला आणि नोंद संध्याकाळी सहाला झाली, तर मधले आठ तास पडदा खोटे सांगत होता. त्या आठ तासांत नियोजक, खरेदीवाला आणि विक्रीवाला यांनी घेतलेला प्रत्येक निर्णय त्या खोट्यावर उभा होता. नोंदीला उशीर होतो याचे कारण बहुतेक वेळा आळस नसते. टर्मिनल दोनशे पावलांवर असते, बारकोड तेलाने वाचता येत नाही, किंवा एका नोंदीसाठी सात पडदे ओलांडावे लागतात. ही कारणे दुरुस्त करता येतात आणि ती दुरुस्त करण्याचा खर्च मूळ प्रकल्पाच्या तुलनेत अगदी थोडा असतो.

ही कारणे दुरुस्त झाली नाहीत तर काही महिन्यांत एक्सेलच्या फाइली परत येतात. नियोजक आपली खरी यादी फाइलमध्ये ठेवतो आणि प्रणालीत फक्त औपचारिक नोंदी करतो. त्याला दोष देण्याआधी ती फाइल उघडून पाहावी, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे. प्रणालीत जे चुकीचे आहे त्याची सर्वांत प्रामाणिक यादी त्या फाइलमध्ये असते: कोणाचा लीड टाइम खोटा आहे, कोणता पुरवठादार दिलेल्या तारखेनंतर नेहमी आठवड्याने माल देतो, कोणत्या भागाचा भंगाराचा टक्का कधीच भरलेला नाही. एका कारखान्यात आम्ही अशा चौदा फाइली गोळा केल्या, त्यांतील प्रत्येक स्तंभ प्रणालीत कुठे असायला हवा हे ठरवले, आणि तो तिथे भरल्यावरच फाइल बंद करण्याची विनंती केली. अकरा फाइली खरोखर बंद झाल्या.

सध्या मी पुन्हा एका स्थलांतरावर काम करतो आहे. एसएपीच्या जुन्या ईसीसी प्रणालीचा मुख्य देखभाल काळ २०२७ च्या अखेरीस संपत असल्यामुळे अनेक मोठ्या कंपन्या २०१५ मध्ये आलेल्या एस/४ हाना या पुढच्या पिढीकडे वळत आहेत. तिथे ग्राहक आणि पुरवठादार यांच्या वेगळ्या नोंदी राहत नाहीत, दोघेही ‘बिझनेस पार्टनर’ या एकाच नोंदीत येतात, त्यामुळे एकाच पक्षाच्या दुहेरी-तिहेरी नोंदी आधी निस्तराव्या लागतात. वस्तूंच्या क्रमांकाला अठराऐवजी चाळीस अक्षरांची जागा मिळते. ही मोठी जागा क्रमांकातच सगळे वर्णन कोंबण्यासाठी वापरू नये, असे मी सध्या प्रत्येक बैठकीत सांगतो आहे.

या कामासाठी मी त्याच जुन्या यंत्रनिर्मिती कारखान्यात परतलो आहे, जिथे सुरुवात केली होती. पहिल्याच दिवशी वस्तूंची यादी मागवली आणि ते बेअरिंग शोधले. आम्ही पाचाची एक केलेली नोंद होतीच, पण मधल्या वर्षांत तिच्या शेजारी आणखी दोन उगवल्या होत्या, कारण नवा क्रमांक मागणे हे जुना शोधण्यापेक्षा सोपे होते. आता नवा क्रमांक देण्याचे काम एकाच टेबलावर आणले आहे. आतील व्यास, बाहेरील व्यास, रुंदी आणि उत्पादकाचा क्रमांक भरून शोध घेतल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही, आणि उत्तर दोन दिवसांत द्यायचे असे त्या टेबलावरच्या माणसाने कबूल केले आहे. तीन नोंदींपैकी कोणती ठेवायची हे ठरवण्यासाठी मी भांडारात गेलो, वेष्टन उघडले, आणि बेअरिंगच्या कडेवर कोरलेला क्रमांक वहीत उतरवून घेतला.